केस धरण्याआधी विचारणारा माणूस

वासुदेवभाऊ, तुमच्या शोकसभेत सगळे खोटं बोलले. मीही बोलणार होते, पण माइक माझ्यापर्यंत पोहोचायच्या आत चहा आला, आणि आपल्या वडसा गावात चहा आल्यावर शोक फार वेळ टिकत नाही हे तुम्हाला माहीत आहे. एकाने तुम्हाला झाडीपट्टीच्या रंगभूमीचा वाघ केलं. दुसऱ्याने सांगितलं की वासुदेवभाऊंचा जन्मात कोणाशी वाद झाला नाही. मी पहिल्या रांगेत होते. मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला, आणि मागच्या बाया कुजबुजल्या, पाहा, शालूबाईले किती रडू येऊन राह्यलं.

तर ते राहिलेलं भाषण मी इथे करते. तुम्हाला मधे बोलता येणार नाही, ही फार मोठी सोय झाली. जिवंतपणी माझं एकही वाक्य तुम्ही पुरं होऊ दिलं नाही. स्टेजवर माझ्या वाक्याचा शेवटचा शब्द कायम तुमच्या पहिल्या शब्दाखाली चेंगरून मेला. आज पडद्याची दोरी माझ्या हातात आहे, भाऊ. बसा गुमान.

आधी हार घालून टाकते, म्हणजे पुढे शिव्या द्यायला हात मोकळे. नाटकाचं नाव कुठलंही असो, आपल्या तिसऱ्या अंकात तेच असायचं: दारुडा नवरा बायकोला केस धरून घराबाहेर ओढतो आणि मंडईच्या जत्रेला आलेल्या बाया डोळे पुसतात. नवरा तुम्ही, बायको मी. आपल्या पहिल्याच सीझनला तुम्ही असा काही जोर लावला की माझा अंबाडा गंगावनासकट तुमच्या मुठीत आला. मी उंबरठ्याबाहेर, केस घरात. मी म्हटलं, "ठेवा धनी, माह्यापेक्षा तेच तुमचं जास्त ऐकन." लोक बाकांवर उभे राहून हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी माझी मान एका बाजूला वळत नव्हती, ते तुम्ही पाहिलं, आणि त्या दिवसापासून तुमचा नेम सुरू झाला.

तोंड रंगवून झालं, नटराजापुढे नारळ फुटला, की तुम्ही दारुड्याच्या फाटक्या सदऱ्यात माझ्यापुढे येऊन उभे राहायचात. एरवी कीर्तनाला उभा राहणारा, आता कपाळावरचा बुक्का पुसून दारूबाज झालेला माणूस, आणि आवाज देवळातला: "शालू, आज केस धरू काय?" मी "धरा" म्हटलं तरच. मान दुखत असली तर मी सांगायची, आज मनगट धरा, आणि तुम्ही मनगट धरायचात. एकदा मला ताप होता. मी म्हटलं, आज काही धरू नका, नुसतं ओरडा. तुम्ही नुसते ओरडलात, आणि पहिल्या रांगेतलं एक लेकरू घाबरून आईच्या कुशीत शिरलं.

पुढे हा नेम तुम्ही अख्ख्या कंपनीला लावला. तालमीत नव्या नटाचा हात बाईच्या खांद्याकडे गेला रे गेला, की कोपऱ्यातून तुमचा आवाज यायचा: "इचारलं काय?" शेवटी शेवटी ती गंमतच झाली. कोणी कोणाची सुपारी उचलली तरी दहा तोंडांतून एकदम, "इचारलं काय?" आपला पेटीवाला मडावी तर स्वतःच्या खिशातून बिडी काढतानाही स्वतःलाच विचारायचा.

आणि हार घालतेच आहे तर दुसराही घालते. माझ्या भासऱ्याने, नवऱ्याच्या थोरल्या भावाने, जेव्हा ठरवलं की घरच्या सुनेने तोंड रंगवायचं नाही, तेव्हा तुम्ही आमच्या अंगणात आलात. गळ्यात तुळशीची माळ, पायात करकरणाऱ्या चपला. भासरा बोलला, सासू बोलली, नवरा जमिनीकडे पाहत बसला. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालात, "समदं बराबर हाये. पन शालूले इचारलं काय कोणी?" मला दारातून पुढे बोलावलं. मी म्हटलं, मले नाटक करायचं हाये. एवढ्या एका वाक्यावर माझं आयुष्य उभं आहे, आणि ते वाक्य म्हणायची जागा तुम्ही मला काढून दिलीत. हे मी कधी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही आधीच इतके फुगलेले असायचात की भीती वाटायची, फुटाल.

झाले हार. आता ऐका.

पोळा झाल्यावर तुमची कांचन एक पिशवी घेऊन एसटीतून उतरली आणि तुमच्या घरी न जाता माझ्या घरी आली. चिमूरकडे थाटामाटात दिलेली तुमची थोरली. मी चहा ठेवला. तिने कपाला हात लावला नाही. म्हणाली, "मावशी, तो इचारत नाई. मी नाई म्हणतो, तं माहं तोंड दाबते."

हे तिने आधी आईला सांगितलं होतं. विमलवैनींनी तिच्या केसांना तेल लावलं आणि म्हटलं, बाई, होते सवय. मग तुम्हाला सांगायचं काम माझ्यावर आलं. स्टेजवर मी कोणाकोणाला काय काय बोलले आहे, पण त्या दिवशी तुमच्या ओसरीवर मला एकेक शब्द जुळवावा लागला. तुम्ही पोथी वाचत होतात. मी सांगितलं. तुम्ही बोट पानावर तसंच ठेवून म्हणालात, "नवरा हाये तो तिचा. लग्नात हात देला का नाई? एकदा देलेला हात रोज रोज द्या लागते काय?"

मला वाटलं, हे नाटकातलं वाक्य आहे. तुम्ही आता हसाल. तुम्ही पान उलटलंत.

मग जे सुरू झालं त्याला भांडण म्हणायचं की तिकीट न लावलेला प्रयोग, ठरवणं कठीण. कांचन माझ्या घरी राहिली आणि आपण दोघं तालमीच्या हॉलवर रोज दुपारी तोंडाला तोंड देत राहिलो. कंपनीचे दोन तट पडले. तुमचं म्हणणं, कन्यादान केलेली पोरगी परत घेणं म्हणजे दान देऊन परत मागणं. मी म्हटलं, दान दिलेल्या गाईलाही लाथ मारायची मोकळीक असते. तुमचं म्हणणं, प्रत्येक बाजेशेजारी पोलीस उभा केला तर घरं कशी टिकतील, आपल्या आया अशाच राहिल्या ना? मी म्हटलं, आपल्या आयांना कोणी विचारलंच नाही, म्हणून आपल्याला वाटतं की त्या हो म्हणाल्या.

मग तुम्ही गडचिरोलीच्या वकिलाला फोन लावलात आणि हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवलात. तुमचा चेहरा काय खुलला होता तेव्हा! वकील सांगत होता की बायको अठराच्या वर असेल तर नवऱ्याच्या त्या गोष्टीला आपला कायदा बलात्कार म्हणतच नाही. तुम्ही फोन ठेवून म्हणालात, "घे. धर्म माह्या बाजूनं, अन् कायदाबी माह्या बाजूनं." एरवी सरकारचं एक काम तुम्हाला पटलं नाही. कायदे करणारे सगळे धर्मबुडवे असं तुम्ही गावोगाव सांगत हिंडलात. आणि त्या दिवशी कायद्याची ती एक फट सापडली तर तिच्यापुढे उदबत्ती लावायची बाकी ठेवलीत.

मडावीने पेटीचा भाता मिटला आणि सांगितलं, आमच्या गोंडांत पोरगी नांदत नाई म्हणाली तर पंच बसतात, तिला उभं करून विचारतात. तुम्ही टोमणा मारलात, तुमचं बरं हाये बापा, पोरीच राज्य करतात. मडावी म्हणाला, "कायचं राज्य भाऊ, पंचात समदे मरदच बसतात. पन इचारतात तं खरं."

मी कांचनला घेऊन चंद्रपूरला गेले. तिथल्या वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, ते एक दार आज बंद आहे, मोठ्या कोर्टात त्याच्यावर वाद चालू आहे. पण मारहाण, छळ, घरातली हिंसा, ही दारं उघडी आहेत. आणि कांचनची मर्जी नसताना तिला उचलून नवऱ्याच्या घरात नेऊन ठेवायचा हक्क कोणालाच नाही, बापालाही नाही. परतताना बसमध्ये कांचनने पहिल्यांदा शेंगदाणे खाल्ले. मी हे तुम्हाला येऊन सांगितलं. शेंगदाण्यांचंही सांगितलं. तुम्ही म्हणालात, वकिलाले घर मोडाचे पैसे भेटतात.

त्यानंतर तुम्ही फार वाईट वागलात, भाऊ. वैनगंगेच्या काठी तुमच्या कीर्तनाचा सप्ताह होता. मंडपात अर्ध्या गावच्या बाया. मी मुद्दाम समोर जाऊन बसले, हातात टाळ घेऊन. तुम्ही पतिव्रतेची कथा लावलीत, आणि माझ्याकडे पाहत सांगितलंत की काही बाया खोट्या नवऱ्यांच्या बायका होऊन होऊन खऱ्या नवऱ्यांचे संसार नासवतात. बायांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी अशी भूमिका कधी सोडली आहे का? मी हात जोडून उभी राहिले. "महाराज, एक शंका हाये."

भर कथेत शंका विचारली तर महाराजाला नाही म्हणता येत नाही.

मी म्हटलं, "देवाले निवद दाखवतो तवा आपण ताट पुढे ठेवतो, हात जोडतो अन् डोळे मिटून वाट पाहतो. देवाच्या तोंडात कोंबत नाई. काऊन?"

तुम्ही म्हणालात, देव अन् बाई एक हाये काय. मी म्हटलं, तुमीच आत्ता सांगितलं महाराज, बाई म्हणजे घरची लक्ष्मी. पदराआड बाया अशा हसल्या की टाळ न वाजवता वाजले. तुम्ही मडावीला खूण केलीत. त्याने पेटी सुरू केली, अंमळ सावकाशच. तुम्ही भजन इतक्या वरच्या पट्टीत उचललंत की तुमचा गळा आठवडाभर बसला. मला त्याचा अजून आनंद आहे. मेलेल्या माणसाशी खोटं कशाला बोलायचं?

आणि मग दिवाळीच्या तोंडावरची रंगीत तालीम. भर दुपारी, सगळी कंपनी हजर, तिसरा अंक. आपण एकमेकांशी बोलत नव्हतो, पण नेम तो नेम. तुम्ही फाटक्या सदऱ्यात माझ्यापुढे आलात आणि भिंतीकडे बघून विचारलंत, "केस धरू काय?"

मी म्हटलं, "नाई."

"मनगट?"

"नाई."

"काऊन? मान दुखते?"

"काईच नाई दुखत. नाई म्हणजे नाई."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता नट जागा होईल आणि म्हणेल की नाटकात तसं लिहिलं आहे, सीन आहे, लोक पाहायला येतात, इतकी वर्षं तू हो म्हणत आलीस. यातलं एकही तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, "बरं." आणि सीन केलात. माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर तुमची मूठ हवेत बंद झाली आणि रिकामीच ओढली गेली, आणि मी तिच्यामागे फरफटत गेले. मडावी पेटी वाजवायचं विसरला.

सीन संपल्यावर मी सगळ्यांदेखत म्हटलं, "भाऊ, एवढंच शिकवा आपल्या जवायाले."

तुम्ही सदरा काढून खुंटीवर टाकलात आणि निघून गेलात.

काय सीझन झाला तो, नाही का? प्रत्येक प्रयोगाआधी तुम्ही विचारलंत. प्रत्येक वेळी मी नाही म्हटलं. प्रत्येक वेळी तुम्ही म्हणालात, बरं. ती रिकामी मूठ पाहायला लोक येऊ लागले. जीपमध्ये तुम्ही मागे, मी पुढे, मधे घोरणारा तबलजी. मी विंगेत उभ्या असलेल्या प्रॉम्प्टरसारखी त्या 'नाई'तून रोज तुमचंच वाक्य तुमच्या कानाशी टाकत राहिले आणि तुम्ही, ज्यांना अख्खं नाटक पाठ, ते उचलत नव्हतात.

एकदाच बोललात. ब्रह्मपुरीला चहाला थांबलो होतो. तुम्ही कप हातात फिरवत म्हणालात, "धाकटीचं लगन राह्यलं हाये, शालू. अन् मी शब्द देला जवायाले. संक्रांत झाली का घिऊन जाय म्हणलं." तुमचा आवाज तेव्हा महाराजाचा नव्हता, बापाचा होता, तेवढं मला कळलं. मी थोडं मऊ बोलू शकले असते. पण मी म्हटलं, "धाकटीलेबी असंच देऊन टाका. न इचारता." तुम्ही अर्धा चहा टाकून उठलात. आपलं शेवटचं बोलणं ते. मला ते वाक्य परत घ्यावंसं वाटत नाही. चहा वाया गेला त्याचं वाईट वाटतं.

संक्रांत यायच्या आधी तुम्ही एका दुपारी जेवून आडवे झालात आणि उठलाच नाहीत. कोणाला न विचारता. मी धावत आले. तुम्ही चटईवर, कपाळावर ताजा बुक्का, चेहऱ्यावर तोच जिंकल्याचा भाव. मला तुम्हाला हलवून उठवावंसं वाटलं. अहो, भांडण अर्धं आहे! सगळ्यांत जास्त कांचन रडत होती, तुमचे पाय धरून. त्या पोरीने तुमच्याबद्दल एकही वाकडा शब्द कधी काढला नाही. तिच्या वाट्याचेही मीच काढते आहे.

आता तेरवीचं, तेराव्या दिवसाच्या जेवणाचं सांगते, कारण तुमचा फोटो हार घालून कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवला होता आणि तुम्हाला नीट दिसलं नसेल.

मांडवात पंगत बसली होती. आपली कंपनी सगळी एका रांगेत: मडावी, तबलजी, दोन्ही नव्या पोरी, खलनायक, पडदेवाला. मी वरण वाढत होते. कांचन वडे वाढत होती. जावई चिमूरहून आला, गाडीतून, धुतलेल्या कपड्यांत. फोटोला नमस्कार केला, आणि विमलवैनींपुढे उभा राहून मोठ्याने म्हणाला, "मामाजीनं शब्द देला होता मले. संक्रांत झाली. मी घ्यायले आलो." वैनी त्याच्याकडे पाहत राहिल्या. सबंध संसार तुम्ही बोलत आलात, त्यांना बोलायची सवय कुठली? जावई वळला, पंगतीत शिरला आणि कांचनचं मनगट धरलं. वड्यांचं ताट तिरपं झालं. दोन वडे मडावीच्या पत्रावळीत पडले.

आणि मडावीने, तोंडात घास असतानाच, मान वर न करता म्हटलं, "इचारलं काय?"

त्याच्या शेजारून तबलजी: "इचारलं काय?" मग खलनायक. मग दोन्ही पोरी. मग अख्खी रांग, कोणाच्या तोंडात भात, कोणाच्या कढी, जणू तालीमच चालू होती. गंमत म्हणून नाही, ठरवूनही नाही. तुम्ही इतकी वर्षं घोटून घेतलेलं ते आपोआप आलं. इतर गावकरी जेवायचे थांबले. जावई लाल झाला. हात कसा सोडावा हे त्याला कळेना, म्हणून तो मनगटाकडेच पाहत राहिला.

तेव्हा विमलवैनी बोलल्या. हळू, पण मी ऐकलं. "इचार ना बापा तिले."

त्याने हात सोडला. तो कांचनकडे बघून म्हणाला, "घरी चालतं काय?" मला वाटतं, तो प्रश्न त्याने तिला जन्मात पहिल्यांदा विचारला.

कांचन म्हणाली, "नाई."

तो गाडीत बसून गेला. पुन्हा येईल, वकीलही करेल, ते आम्ही बघू. धाकटीने तिरपं झालेलं ताट सावरलं. कांचनने राहिलेले वडे पुढच्या पंगतीला वाढले.

मागाहून बाया म्हणाल्या, भाऊंचाच आत्मा बोलला. मी म्हटलं, हट्. मी नाटकातली बाई आहे, आत्म्यांची कामं मी केली आहेत, मला शिकवू नका. तुम्ही फोटोत गुमान बसला होतात. वाक्य तुमचं होतं, भाऊ. ते तुम्हीच लिहिलं, तुम्हीच बसवलं, मी सबंध सीझन विंगेतून तुम्हाला देत राहिले. तुमच्या लेकीच्या प्रवेशात ते तुमच्या तोंडी होतं, आणि तुम्ही एक्झिट घेतलीत. ते पेटीवाल्याने म्हटलं, तोंडात घास घेऊन.

आणि टाळी त्याला पडली. नटाला यापेक्षा मोठी शिक्षा मला सुचत नाही, नाहीतर दिली असती.